मीठ आणि अफवांची देवी, चिखलाचा देव: ड्वार्फ फोर्ट्रेसमधील देव निव्वळ योगायोगाने घडतात का?

खोलखाण (प्रश्नकर्ता)

नमस्कार. गेल्या महिन्यापासून मी ड्वार्फ फोर्ट्रेस या संगणकीय खेळात एका नव्या जगात खेळत आहे. जग लहान आकाराचे आहे, त्याचा इतिहास २५० वर्षांपर्यंत चालू दिल्यानंतर मी बुटक्यांचा किल्ला वसवला, आणि या वेळी किल्ल्याची एक सलग बखर लिहायची असे पहिल्या दिवसापासूनच ठरवले होते. बखर म्हटली की राजे, लढाया, वंश यांबरोबर देवही आले, म्हणून मी लेजंड्समध्ये, म्हणजे जगाचा इतिहास वाचता येतो त्या विभागात, जाऊन माझ्या बुटक्यांचे देव कोण आहेत ते वाचायला घेतले, आणि तिथेच माझी अडचण सुरू झाली.

सर्वांत जास्त भक्त असलेल्या देवीचे नाव एतुर आहे, आणि तिची अधिकारक्षेत्रे दोनच आहेत: मीठ आणि अफवा. दुसरा देव लोकुम. त्याच्याकडे फक्त चिखल आहे, बाकी काहीही नाही. तिसरा देव मासे, मासेमारी आणि कायदे यांचा असून तो वृद्ध बुटक्याच्या रूपात दाखवला जातो. माझ्या किल्ल्याच्या आसपास नदी नाही, तळे नाही, आणि या संस्कृतीच्या एकाही वस्तीला समुद्रकिनारा लागत नाही. चौथी देवी मौनाची आहे, आणि किल्ल्यात येणाऱ्या गवयांपैकी निम्मे तिचे निस्सीम भक्त आहेत. हे वाचून मी मनापासून हसलो, हे कबूल करतो. पण नंतर मनात आले की युद्ध, वेढा आणि दुष्काळ यांच्या वर्णनात मध्येच चिखलाच्या देवाचा धावा करणारा सेनापती आला, तर वाचणारा ती बखर गांभीर्याने घेईल का?

त्यात भर म्हणून गेल्या हंगामात ‘खारट शपथांचा पंथ’ नावाच्या एका पंथाने एतुरसाठी स्वतंत्र मंदिर बांधून द्यावे, असा अर्ज केला आहे. तो मान्य केला तर मंदिर बांधावे लागेल, आणि तो नाकारला तर किल्ल्यातील मोठा गट नाराज होईल. म्हणून निर्णय घेण्यापूर्वी तीन गोष्टी जाणून घ्यायच्या आहेत. ही अधिकारक्षेत्रे आंधळेपणाने वाटली जातात की त्यामागे काही नियम आहे? या क्षेत्रांचा खेळावर खरोखर काही परिणाम होतो, की ती नावापुढची शोभा आहे? आणि आपल्यापैकी कोणी अशा देवांमुळे अख्खे जग टाकून नवे जग तयार केले आहे का? मी त्याच विचारात आहे, पण २५० वर्षांचा इतिहास पुसून टाकायला हात धजावत नाही.

सनावळीकार

कृपया जग पुसू नका. आधी पहिल्या प्रश्नाचे उत्तर देतो, कारण त्यातच बराचसा उलगडा आहे.

या खेळात देवांना वाटता येतील अशी शंभराहून अधिक अधिकारक्षेत्रे आहेत. त्यांत सूर्य, मृत्यू, युद्ध, अग्नी, शेती यांसारखी अपेक्षित क्षेत्रे तर आहेतच, पण त्यांच्याच पंक्तीला मीठ, धुके, अफवा, जुगार, चिखल, इंद्रधनुष्य, दुःस्वप्ने, शपथा, मन वळवण्याची कला, प्रवासी आणि सीमा यांनाही बसवले आहे, आणि सगळ्यांचा मान सारखाच आहे. सूर्य मोठा आणि मीठ लहान, असा भेद यंत्र करत नाही. आपल्याला हसू येते त्याचे पहिले कारण हेच आहे की आपण मनात जी उतरंड घेऊन येतो, ती या यादीत मुळातच नाही.

तरीही वाटप अगदी आंधळे नसते. क्षेत्रांमध्ये आपसांत नाती ठरवून दिलेली आहेत. काही क्षेत्रे एकमेकांची मित्र आहेत, काही एखाद्या मोठ्या क्षेत्राची अपत्ये आहेत (संगीत, नृत्य आणि काव्य ही कलेची अपत्ये म्हणता येतील), आणि काही एकमेकांना वर्ज्य आहेत. त्यामुळे युद्ध आणि शांतता एकाच देवाच्या हाती येत नाहीत, सत्याच्या देवाला असत्य मिळत नाही, सुव्यवस्थेच्या देवाला अनागोंदी मिळत नाही. तुमच्या तिसऱ्या देवाकडे मासे आणि मासेमारी एकत्र आहेत ते याच नात्यामुळे. कायदे मात्र त्याच्या पदरात स्वतंत्रपणे पडलेले दिसतात. ज्या क्षेत्रांमध्ये ना मैत्री आहे ना वैर, ती मात्र कशीही एकत्र येऊ शकतात, आणि सर्वांत मजेदार देव नेमके याच मोकळ्या जागेत जन्माला येतात. नियम अजिबात नसते, तर सत्य आणि असत्याचा एकच देव झाला असता आणि त्याचे कोणालाच नवल वाटले नसते. नियम फारच घट्ट असते, तर प्रत्येक जगात तोच अग्नीचा देव आणि तीच पावसाची देवी भेटली असती. मधल्या मोकळ्या जागेत जे घडते, ते खरे पाहण्यासारखे असते.

दुसरी बाब संस्कृतीची आहे. प्रत्येक संस्कृतीला कोणती क्षेत्रे अधिक जवळची आहेत, हे खेळाच्या मजकुरी फाइलींमध्ये लिहिलेले असते. बुटक्यांच्या फाइलीत किल्ल्यांचे क्षेत्र असेच नोंदवलेले आहे. बुटके आणि माणसे यांची देवमंडळे असतात. एल्फ लोकांना व्यक्तिरूप देव नसतात. ते आपल्या अरण्यातील एका निसर्गशक्तीला मानतात, त्यामुळे त्यांच्याकडे अशी गंमत फारशी सापडत नाही. याउलट माणसांच्या गावांत कधी कधी देवमंडळाबाहेरचे दैवत आढळते, कारण एखादा महाकाय प्राणी वर्षानुवर्षे गावाला त्रास देत राहिला, तर लोक भीतीपोटी त्याचीच उपासना करू लागतात. अशा प्राण्यांनाही क्षेत्रे नेमून दिलेली असतात. ड्रॅगनच्या वाट्याला अग्नी आणि संपत्ती आली आहे. माझ्या एका जुन्या जगात एका गावाने जवळजवळ सत्तर वर्षे अशाच एका ड्रॅगनची भक्ती केली होती. तो दर काही वर्षांनी येऊन त्यांची घरे जाळत असे, आणि त्यानंतर भक्तांची संख्या वाढत असे. त्या नोंदी वाचताना सुरुवातीला हसू येते, पण जळितात गेलेल्यांची नावे एकामागून एक येऊ लागली की हसू थांबते.

आता एतुरविषयी. तुम्हाला मीठ आणि अफवा ही जोडी निरर्थक वाटते, याचे मला आश्चर्य वाटते. तिखटमीठ लावल्याशिवाय अफवा पसरते का? ज्यांनी हा खेळ लिहिला, त्यांच्या मनात हा वाक्प्रचार असण्याची काहीच शक्यता नाही, आणि यंत्राला तर भाषाच कळत नाही. तरीसुद्धा मराठीत वाचणाऱ्यासाठी ही देवी इतकी चपखल आहे की मी तुमच्या जागी असतो, तर बखरीचे पहिले प्रकरण तिच्यापासूनच सुरू केले असते. देवांच्या नावापुढे जे बिरुद येते त्याचा अर्थही जरूर पाहा. त्यातील शब्द बहुधा त्या देवाच्या क्षेत्राला साजेसे निवडलेले असतात.

गुहेतील_दिवा

सनावळीकारांनी घडणीविषयी लिहिले आहे, मी परिणामांविषयी लिहितो. क्षेत्रे नावापुरती आहेत का, याचे उत्तर एका शब्दात देता येणार नाही, कारण काही ठिकाणी क्षेत्र निर्णायक ठरते आणि काही ठिकाणी देव कोणताही असला तरी चालतो.

निर्णायक ठरते त्याचे ठळक उदाहरण म्हणजे नेक्रोमॅन्सर. ज्याला मृत्यूची धास्ती असते असा एखादा मनुष्य मृत्यूच्या देवाची भक्ती करतो, आणि तो देव त्याला जीवन-मृत्यूचे रहस्य कोरलेली शिळा देतो. पुढे तो मनोरा बांधतो, शिष्य जमवतो आणि प्रेतांची फौज उभी करतो. हे रहस्य मृत्यूच्या क्षेत्राशीच बांधलेले आहे. तुमच्या देवमंडळात मृत्यूचा देव नसेल आणि शेजारच्या माणसांच्या संस्कृतीतही नसेल, तर तुमच्या जगाच्या इतिहासाला वेगळेच वळण लागलेले असू शकते, आणि ते बखरीसाठी नोंदवून ठेवण्याजोगे आहे.

शापाचे तसे नाही. मंदिराची विटंबना करणाऱ्याला त्या मंदिराचा देव शाप देऊ शकतो, मग त्या देवाचे क्षेत्र कितीही सौम्य असो. रक्ताच्या शोधात रात्री भटकणारे व्हॅम्पायर असेच निर्माण होतात, आणि दर पौर्णिमेला पशूचे रूप घेणारेही असेच. माझ्या एका किल्ल्यातील अनुभव सांगतो. स्थलांतरितांच्या तिसऱ्या तांड्याबरोबर एक शांत, कष्टाळू बुटका आला. तो दारू पीत नसे, जेवायला बसत नसे, आणि त्याच्या माहितीत पूर्वी ज्या ज्या गटांत तो राहिला त्यांची यादी इतकी लांब होती की एका आयुष्यात ती मावणे शक्य नव्हते. तोवर माझे तीन जण झोपेतच रक्तहीन होऊन मेले होते. त्याला भिंतीआड कोंडून मी लेजंड्समध्ये शोध घेतला, तेव्हा कळले की सुमारे दीडशे वर्षांपूर्वी त्याने एका मंदिरातील मूर्ती पाडली होती, आणि ज्या देवीने त्याला शाप दिला ती इंद्रधनुष्य आणि आनंद यांची देवी होती.

मी त्या नोंदीकडे बराच वेळ पाहत राहिलो. इंद्रधनुष्याची देवी म्हटल्यावर आधी मला जे हसू आले असते, ते त्या क्षणी आले नाही, कारण माझे तीन बुटके तिच्या रागाची किंमत देऊन बसले होते. त्यानंतर मी तिच्यासाठी एक छोटे मंदिर बांधले. खेळाने तसे करायला भाग पाडले नव्हते. मलाच ते करावेसे वाटले.

किल्ल्याच्या रोजच्या जीवनात प्रार्थनेचा परिणाम सर्वांत जास्त जाणवतो. प्रत्येक बुटका कोणत्या देवाला किती मानतो हे वेगवेगळे असते. कोणी साशंक भक्त असतो, कोणी निष्ठावान, कोणी अत्यंत उत्कट, आणि एकच जण दोन-तीन देवांना कमी-अधिक प्रमाणात मानत असतो. ज्याची श्रद्धा तीव्र आहे त्याला बराच काळ प्रार्थना करायला मिळाली नाही, की त्याचे लक्ष विचलित होते, आणि ते त्याच्या कामातही दिसू लागते. कोणत्याही एका देवाला न वाहिलेले सामाईक मंदिर ठेवले तरी प्रार्थनेची सोय होते. मात्र पंथाने अर्ज केला असेल, तर त्या देवाच्या नावाचेच मंदिर द्यावे लागते. आधी ते साधे देवस्थान गणले जाते, त्यातील वस्तूंची आणि बांधकामाची किंमत २००० झाली की ते मंदिर ठरते, आणि १०००० झाली की मंदिरसंकुल. हे सारे नियम मिठाच्या देवीला आणि सूर्याच्या देवाला अक्षरशः सारखेच लागू होतात.

आणखी एक. अ‍ॅडव्हेंचर मोडमध्ये, म्हणजे एकच पात्र घेऊन जगभर हिंडण्याच्या प्रकारात, फिरताना काही देवस्थानांत कौल घेण्यासाठी फासे ठेवलेले आढळतात. एकदा फासा टाकून देवाचा कौल घ्यावा, आणि मग काही दिवस थांबावे. जो पुन्हा पुन्हा टाकतो, त्याच्यावर देव रुष्ट होतो. एतुरचे देवस्थान भेटले, तर एवढे लक्षात ठेवा.

तिसरा_मजला

मी थोडे वेगळे मत मांडतो. वरील दोघांचे म्हणणे मला पटते, पण खोलखाण यांची अडचणही खरी आहे. मी एकदा सलग चार वर्षांची कथा लिहिली होती, आणि त्यातील मुख्य देव जुगार व कर्तव्य यांचा होता. प्रत्येक भागानंतर वाचक देवाविषयीच विचारत राहिले, आणि ज्या वेढ्याच्या वर्णनासाठी मी सर्वांत जास्त मेहनत घेतली होती त्याकडे कोणाचे लक्षच गेले नाही. त्यानंतर मी फाइलींमध्ये बुटक्यांच्या संस्कृतीसाठी काही क्षेत्रांचे वजन (ते क्षेत्र देवाला मिळण्याची शक्यता) शून्यावर आणले, काहींचे वाढवले, आणि मग नवे जग तयार केले. देवमंडळ गंभीर झाले, कथाही शेवटपर्यंत गेली. त्याचा मला पश्चात्ताप नाही. ज्याला जे लिहायचे आहे त्याप्रमाणे त्याने जग निवडावे. फक्त एक सूचना करतो: हा बदल जग तयार करण्यापूर्वीच करावा लागतो. आधी तयार झालेल्या जगातील देव त्यामुळे बदलत नाहीत.

शिळालेख

तिसरा_मजला यांच्या स्वातंत्र्याचा आदर राखून मला एका गोष्टीकडे लक्ष वेधायचे आहे. ज्या खेळाविषयी आपण बोलत आहोत, त्याच्या पूर्ण नावातच एक देव आहे. ‘स्लेव्ह्ज टू आर्मोक: गॉड ऑफ ब्लड, चॅप्टर टू: ड्वार्फ फोर्ट्रेस’ असे ते लांबलचक नाव आहे. रक्ताचा देव आर्मोक हे नाव ऐकून कोणालाही वाटेल की त्यामागे काही प्राचीन, भयंकर कल्पना असावी. प्रत्यक्षात या खेळाचे निर्माते टार्न अ‍ॅडम्स यांच्या एका जुन्या खेळात पात्राचे हात शाबूत आहेत की नाहीत हे तपासणारा एक चल (प्रोग्राममध्ये किंमत साठवणारे नाव) होता, आणि ‘आर्म’ व ‘ओके’ या दोन शब्दांनी बनलेल्या त्या चलाच्या नावावरून या देवाला नाव मिळाले. हात शाबूत आहे का, एवढाच त्याचा मूळ अर्थ. टार्न आणि झॅक या बंधूंनी २००२ मध्ये ड्वार्फ फोर्ट्रेसचे काम सुरू केले, २००६ च्या ऑगस्टमध्ये पहिली आवृत्ती सर्वांसाठी खुली केली, २०१२ मध्ये न्यूयॉर्कच्या आधुनिक कला संग्रहालयाने हा खेळ आपल्या संग्रहात घेतला, डिसेंबर २०२२ मध्ये तो चित्रांसह स्टीम या खेळविक्रीच्या संकेतस्थळावर आला, आणि या साऱ्या प्रवासात तो देव नावात टिकून राहिला. आज जगभरातील खेळाडू लढाईच्या वर्णनात आर्मोकचे नाव गांभीर्याने घेतात. ते नाव कुठून आले याने काही बिघडले नाही, कारण त्यानंतर त्या नावाखाली जे घडत गेले त्यानेच त्याला वजन दिले.

आता चिखलाच्या देवाकडे येतो, कारण त्याच्याविषयी अजून कोणीच बोललेले नाही, आणि माझ्या मते खोलखाण यांच्या देवमंडळातील सर्वांत थोर देव तोच आहे.

तुमचा किल्ला कातळात खोल गेलेला असेल, तर तिथे शेती कशी करता याचा विचार करा. मातीच्या थरात वाफे थेट करता येतात, पण नुसत्या दगडी जमिनीवर बी रुजत नाही. त्यासाठी पाणी आणून ते जमिनीवर पसरावे लागते, आणि ते ओसरल्यावर मागे जो चिखल राहतो त्यावरच प्लम्प हेल्मेट या भूमिगत अळंब्या लावता येतात. या अळंब्या खाता येतात, आणि त्यांच्यापासूनच बुटक्यांची दारू गाळता येते, जिच्याशिवाय बुटक्यांचे काम मंदावते आणि मन ढासळते. म्हणजे कातळात राहणाऱ्या बुटक्यासाठी चिखल हे अन्न आहे, पेय आहे आणि पुढच्या वर्षीची शाश्वती आहे. सूर्य त्याने आयुष्यात मोजक्या वेळा पाहिलेला असतो, आणि फार काळ खाली राहून बाहेर पडला तर उन्हाने त्याला मळमळते. अशा लोकांनी सूर्याची पूजा करावी आणि चिखलाला हसावे, ही अपेक्षा आपल्यासारख्या उजेडात राहणाऱ्यांची आहे. वेढा पडला, दरवाजे बंद झाले, आणि आत फक्त ओल्या चिखलातील पिकावर दोनशे जीव जगत असले, तर सेनापतीने लोकुमचे नाव घेणे हे बखरीतील सर्वांत गंभीर वाक्य ठरू शकते.

माशांच्या देवाविषयीही थोडेसे. या खेळाच्या सुरुवातीच्या आवृत्त्यांमध्ये कार्प जातीचे मासे इतके बलवान झाले होते की काठावर उभ्या असलेल्या कोळी बुटक्यांना ते पाण्यात ओढून मारत, आणि अनुभवी खेळाडू नदीजवळ वस्ती करायला घाबरत असत. ज्या लोकांच्या पूर्वजांची अशी आठवण असेल, त्यांनी मासे आणि कायदे एकाच देवाच्या हाती सोपवले, तर मला त्यात पुरेसे तर्कशास्त्र दिसते. आपले बुटके त्या काळचे नाहीत हे मला ठाऊक आहे, पण बखरकाराला एवढी मोकळीक असावी.

मौनाच्या देवीविषयी मला काही सुचत नाही. ती तशीच सुंदर आहे.

सनावळीकार

शिळालेख यांच्या चिखलाविषयीच्या मुद्द्याला जोडून एक व्यावहारिक गोष्ट सांगतो. खोलखाण, मंदिर बांधायचे ठरलेच, तर जागा निवडण्यापूर्वी तुमच्या किल्ल्याखाली कोणकोणते दगड आहेत ते पाहा. या खेळात सैंधव हा खडकाचाच एक प्रकार आहे, आणि गाळाच्या खडकांच्या प्रदेशात त्याचा सबंध थरच्या थर सापडू शकतो. तसा थर तुमच्याकडे असेल, तर मिठाच्या देवीचे मंदिर मिठातच खोदता येईल. भिंती गुळगुळीत करून कोरीव काम करणाऱ्या बुटक्यांना मोकळे सोडा. ते काय कोरतील हे आपल्या हाती पूर्णपणे नसते, पण इतिहासातील घटना, देवांची रूपे आणि कधी कधी स्वतःच्या किल्ल्यातील प्रसंग ते कोरतात, आणि त्यांतून तुम्हाला बखरीचे साहित्यही मिळेल.

खोलखाण (प्रश्नकर्ता)

सर्वांचे मनापासून आभार. उत्तर द्यायला चार दिवस लागले, कारण मधल्या काळात मी लेजंड्समध्ये एतुरचा सबंध इतिहास वाचून काढला, आणि मग थोडे खोदकामही केले.

तिसरा_मजला, तुमचे म्हणणे मला आधी सर्वांत जवळचे वाटले होते. फाइल उघडून मी क्षेत्रांची यादी समोर घेऊनही बसलो होतो. पण कोणते क्षेत्र काढायचे हे ठरवताना माझ्या लक्षात आले की मीठ काढले, तर ‘खारट शपथांचा पंथ’ जातो, आणि पंथ गेला तर माझ्या किल्ल्यातील सर्वांत जुनी वैद्य इथे का आली, याचे कारणच उरत नाही. झाले असे होते की सन १४३ मध्ये डोंगरापलीकडच्या एका शहरात सत्ताधाऱ्यांनी या पंथाचा छळ सुरू केला आणि भक्तांना हाकलून दिले. त्यांतील काही जण वस्त्या बदलत बदलत उत्तरेकडे सरकले. त्या निर्वासितांच्या वंशातील एक स्त्री माझ्या किल्ल्यात दुसऱ्या तांड्याबरोबर आली, आणि मी तिला केवळ हात मोकळे आहेत म्हणून रुग्णालयात नेमले. दोन वेढ्यांत तिने किती जणांची हाडे बसवली याचा हिशेब मी ठेवलेला नाही, पण ती नसती तर बखर लिहायला किल्ला उरला नसता. तिच्या माहितीत एतुरची अत्यंत उत्कट भक्त अशी नोंद आहे, आणि गेली दोन वर्षे तिला प्रार्थना करायला मिळालेली नाही, हेही तिथेच लिहिले आहे. मी ते यापूर्वी कधी वाचलेच नव्हते.

गुहेतील_दिवा यांनी लिहिलेले वाचून मी मृत्यूच्या देवाचाही शोध घेतला. बुटक्यांकडे तसा देव नाही, पण दक्षिणेकडील माणसांकडे आहे, आणि त्याच्या कृपेने उभा राहिलेला एक मनोराही नकाशावर आहे. तो माझ्यापासून तीन दिवसांच्या वाटेवर आहे. हे आता कळले ते बरे झाले.

सनावळीकार, तुमची सूचना ऐकून मी जिन्याच्या खाली पाहणीसाठी एक बोगदा काढला. सहाव्या पातळीवर चुनखडी संपून सैंधवाचा थर लागला. तो फार जाड नाही, पण एक दालन सहज बसेल एवढा आहे. पंथाचा अर्ज मान्य केला आहे, दालनाची आखणी झाली आहे, आणि दोन खाणकरी काल संध्याकाळपासून तिथे काम करत आहेत. लोकुमचे देवस्थान शेतीच्या वाफ्यांना लागूनच करणार आहे, म्हणजे जाता येता पायाला चिखल लागेल.

वैद्याला मी कामातून थोडी मोकळीक दिली आहे. दालनात अजून मूर्ती नाही, भिंती खडबडीत आहेत, आणि तिची नोंद अजून बदललेली नाही. पण काल खोदकाम सुरू असताना ती जेवण सोडून सहाव्या पातळीपर्यंत उतरून आली होती, एवढे मी पाहिले.